आधी कडी

कुणाच्याही घरात आली की ती आधी स्वयंपाकघराकडे जायची. दार ओढून घ्यायची, बाहेरून कडी घालायची, एकदा हलवून बघायची आणि मग येऊन बसायची. "आधी कडी," असं म्हणायची. बसल्यावर ओढणी सारखी करून, "हां. आता बोला."

नवा पाहुणा असला तर बघतच राहायचा. दुसऱ्याच्या घरात येऊन त्याच्याच स्वयंपाकघराला कडी घालणारी ही कोण? ठेंगणी, गोरीपान, हातांचे तळवे मात्र लहान मुलासारखे इवलेसे. वाडीत सगळे तिला बाय म्हणत. इथेही मी बायच म्हणतो. तुमच्याही शेजारात असं कुणी असेल, ज्याच्या एखाद्या सवयीला आपण आधी हसलो आणि कारण कळल्यावर मान खाली घातली.

आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागण्याआधी आमची वाडी लागते. तिच्या आणि आमच्या घरांच्या मध्ये फक्त जांभ्या दगडाचा बुटका गडगा. तिचे वडील शाळामास्तर. ती जन्मली तेव्हा तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. दूध ओढता यायचं नाही. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, ड्रॉपरने थेंब थेंब पाजायच्या. वाडीतल्या बायका बघायला येत आणि हळहळत, "हिला भूक म्हणून नाही गो!" पुढे तीन-चार वर्षांची झाली आणि भूक आली. ती आली, ती परत गेलीच नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्या आजाराचं नाव परदेशी, ते आमच्या कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मास्तरांनी मला समजावलं ते असं: तिच्या एका गुणसूत्राचा बारीकसा भाग जन्मापासून गप्प आहे. त्यामुळे उंची वाढत नाही, स्नायूंत जोर येत नाही आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. पानावरून उठली तरी ती उपाशीच. उंचीसाठी रोज दिवेलागणीला हॉर्मोनचं इंजेक्शन होतं, आणि त्याने ती माझ्या छातीपर्यंत तरी आली. भुकेला इंजेक्शन नव्हतं. अन्न तोलून मापून द्यायचं आणि बाकीचं कुलपात ठेवायचं, एवढंच.

आणि गडग्याच्या अलीकडे मी. आमचा धंदा आंबापोळीचा आणि फणसपोळीचा. एप्रिल-मेमध्ये अंगणभर रस वाळत घातलेला असतो. रस्त्याने जाणारा धडधाकट माणूससुद्धा तिथे थबकतो, मग त्या पोरीचं काय होत असेल, हा विचार मी केला नाही. मला दिसायचं ते वहिनींचं कुलूप.

"वहिनी, लेकराला उपाशी ठेवता?" मी एकदा बोललोच.

"भावोजी, तुम्ही फक्त देऊ नका. बाकीचं मी बघते."

मी दिलं. आमच्याकडे दाराशी आलेलं पोर रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. तसं पाठवणं आमच्या लेखी पाप. ती गडग्यापाशी हात पुढे करायची आणि मी आंबापोळीचा तुकडा त्या इवल्या तळव्यावर ठेवायचो. तिचा चेहरा उजळायचा, आणि आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटायचं.

एका दुपारी ती आमच्या वाळवणाच्या पडवीत शिरली. मी पाहिलं. खाऊ दे म्हटलं, पोर आहे, आणि आत जाऊन आडवा झालो. उठून बघतो तर वाळवणाची अर्धी चटई मोकळी. बाय भिंतीला टेकून हसत बसलेली आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. तिला उलटी होत नव्हती. दुखणंही आपल्यासारखं कळत नव्हतं. वहिनींनी गडग्यावरून तिचा रंग बघितला आणि अनवाणी धावत आल्या. त्या रात्री तिला कोल्हापूरला नेलं, पोट उघडलं. जगेल का हे बरेच दिवस कुणी सांगत नव्हतं. मी भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

ती घरी आली, तिला चालता येऊ लागलं, आणि एका सकाळी ती आमच्या दारात उभी. मी चटईकडे धावलो, ती गुंडाळायला. तिने मूठ पुढे केली. मुठीत लोखंडी कडी होती.

"काका, ही लावा. तुमच्या स्वयंपाकघराला."

"वर एक आहे की गो."

"ती तुमच्या हाताला. माझा पोचत नाही."

"अगो, तुझा हात पोचला तर तूच काढशील ना?"

माझ्यासारख्या मठ्ठाला समजवायचं म्हणून तिने दम घेतला. "उघडं दार दिसलं की डोकं ओरडत बसतं. मी लावली की जरा गप्प होतं. आणि काढायला गेले तर वाजेल. वाजली की तुम्ही या." मग माझ्याकडे बघत, "याल ना?"

एवढं सगळं मी केल्यावर तिने मला हे विचारलं. मी त्याच दिवशी कडी लावली, तिच्या कमरेच्या उंचीवर. भोकं पाडताना दोनदा चुकलो. ती भोकं अजून दारावर आहेत.

मग तिने एकेक घर घेतलं. सुतार वैतागला. "एवढी खाली? समद्या वाडीत बुटक्या सुना आणताय काय?" बाय त्याला म्हणाली, "तुमच्याकडे पण लावा. तुमच्या घरी सुकट भाजतात, वास येतो मला." सुताराने स्वतःच्या घरी लावली.

ती काही संत नव्हती. घरी जेवण थोडं उशिरा झालं की आकांत करायची, चपला फेकायची, स्वतःचा हात चावायची. एकदा लग्नाच्या मांडवात उष्टी पानं चाचपताना सापडली आणि वहिनी तिला ओढत घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन, कडी घालून बसली आणि म्हणाली, "काल हरले."

तुकडे जोडून चित्र करायच्या खेळात मात्र तिच्यासमोर कुणाचा टिकाव लागत नसे. आकाशाचे सगळे निळे तुकडे माझ्या डोळ्यांना सारखे. ती ते पत्ते टाकावेत तसे भराभर ठेवत जायची आणि मला खिजवायची, "काका, तुम्ही आंबेच पिळा." असाच एकदा डाव चालू असताना तिने विचारलं, "तुमचं पोट तुम्हाला 'बास' म्हणतं ना? कसं म्हणतं?"

आयुष्यभर रोज ऐकलेला आवाज, आणि मला सांगता येईना.

"माझं मुकं आहे," ती म्हणाली. "म्हणून मलाच म्हणायला लागतं." आणि पुढचा निळा तुकडा बसवला.

त्या दिवसापासून मी जेवताना तो क्षण ऐकतो. घास हातात असतो आणि आतून कुणीतरी म्हणतं, बास. हे आपल्याला फुकट मिळालंय, आणि ती पोर ते रोज स्वतःच्या हाताने, लोखंडाने घडवत होती.

गणपतीत आमच्या वाडीत आरत्या घरोघर फिरतात. त्या वर्षी आमच्याकडे आरती रंगात आली होती. झांजा, मृदंग, पोरांचं बेंबीच्या देठापासून ओरडणं. मी झांजा वाजवत होतो. चौथ्या-पाचव्या आरतीला लक्षात आलं, नेहमी पुढे उभी राहणारी बाय पुढे नाही. आत उकडीच्या मोदकांची टोपलीच्या टोपली. माझ्या हातातली झांज खाली पडली. माणसांतून वाट काढत मी आत धावलो.

ती दाराशी होती. दोन्ही हातांनी कडी धरून गदागदा हलवत होती. घामाने भिजलेली, डोळे मिटलेले. कडी कोयंड्यातच होती.

"कधीची वाजवतेय!" ती माझ्यावर ओरडली. "कुणी ऐकतच नाही!"

तिची बोटं कडीवरून सोडवायला मला वहिनींची मदत घ्यावी लागली. मी समुद्रावरच्या वादळातून होड्या परत आलेल्या बघितल्या आहेत. पण असं काही मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाडीने एक रीत पाडली. कुणी ठरवून सांगितलं असं नाही. प्रत्येक घरी आरत्या संपल्या की मंत्रपुष्पांजलीआधी झांजा थांबायच्या, मृदंग थांबायचा, पोरंही गप्प. सगळे आतल्या दाराकडे कान देऊन उभे. मग पुढून बायचा आवाज यायचा, "नाही वाजली. म्हणा पुढे." आणि हसतहसत सगळे पुढे म्हणायचे. खिरापत तिच्यासमोर कुणी वाटत नसे, डब्यांत भरून नंतर घरोघर जायची. वाडीतली लहान पोरं तर समजतात की आरती सगळीकडे अशीच होते.

गेल्या थंडीत ती गेली. छातीत कफ साठला आणि श्वासाचे स्नायू थकले. भुकेने तिला नेलं नाही. ते तिने होऊ दिलं नाही.

यंदा तिच्या घरी गणपती नव्हता. आमच्याकडे आरतीला मास्तर आले नाहीत. वहिनी आल्या, मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. आरती संपली. सवयीने झांजा थांबल्या, मृदंग थांबला, आणि मग कुणालाच पुढे काय करायचं ते सुचेना. पुढची जागा मोकळी होती. सगळे खाली बघत होते. आतल्या दाराची कडी माझ्या कमरेच्याही खाली, तिला तेवढी लागायची त्या उंचीवर.

मी हातातल्या झांजा खाली ठेवल्या.

मग मागून वहिनी म्हणाल्या, "नाही वाजली. म्हणा पुढे."