प्लस दोनवरचा कॅमेरा

कॅमेरा एक आणि धनी दोन, असा उफराटा संसार आम्ही मूर्तिजापुरात काही वर्षं केला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, माझा दोस्त भाई, त्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. एक आठवडा कॅमेरा माझ्याकडे, पुढचा त्याच्याकडे. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो स्टेशनावर यायचा, शकुंतला, म्हणजे आमची छोट्या रुळांची गाडी, उभी राहायची त्या बाजूच्या बाकावर आम्ही चहा प्यायचो आणि कॅमेरा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जायचा. माझी बायको म्हणायची, सवतीसुद्धा इतक्या शिस्तीत वाटणी करत नाहीत.

आमचा एक नियम होता आणि तो भाईने घातला होता. त्याला कारण त्याची अम्मी. रोलच्या जमान्यात आम्ही फोटो धुवायला अकोल्याला पाठवायचो. तिथला लॅबवाला मोठा दयाळू माणूस, येईल त्याला गोरा करून द्यायचा. भाईने अम्मीचा एक फोटो काढला होता, दारात तांदूळ निवडताना. तो लॅबमधून आला तेव्हा अम्मीच्या सुरकुत्या गेलेल्या आणि गाल गुलाबी. अम्मीने फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, ही कोणाची कोण? त्या दिवसापासून भाईचं डोकं फिरलं. पुढे डिजिटल कॅमेरा घेतला, माझ्या शाळेत कॉम्प्युटर आले, पोरं फोटोत आकाश निळं करू लागली; पण आमच्यात ते चालणार नव्हतं. बटण दाबायच्या आधी काय अक्कल पाजळायची ती पाजळा, ऊन की ढग ते ठरवा, रंगीत की काळा-पांढरा ते ठरवा, प्लस-मायनस करा. एकदा दाबलं की हात जोडा. 'जसा हाय तसा,' भाई म्हणायचा. वाईट आला तर वाईट.

प्लस-मायनस म्हणजे काय ते सांगतो. कॅमेरा आपल्या हिशेबाने उजेड घेतो, ते शून्य. फोटो उजळ हवा असेल तर बटण दाबून प्लस एक, प्लस दोन असं वर जायचं, काळोखा हवा तर मायनसकडे. बस, इतकंच. ज्याने त्याने आपलं काम झालं की कॅमेरा शून्यावर आणून द्यायचा हा शिष्टाचार. शेजाऱ्याची बादली घासून परत करतात तसं.

तर एका उन्हाळ्यापासून कॅमेरा माझ्याकडे येऊ लागला तो प्लसवर. आधी थोडासा. मला पत्ता नसायचा, मी आपला सवयीने फोटो काढायचो आणि सगळे फिके यायचे. मी भाईला म्हटलं, अरे बाबा, शून्यावर आण ना. तो म्हणाला, विसरलो. पुढच्या खेपेला प्लस एक. मग दीड. दिवाळीच्या सुमारास प्लस दोन, आणि तिथून तो हललाच नाही. त्याचे फोटोही तसेच. शकुंतलेचा इंजिनासकट फोटो, पण धुक्यातून निघाल्यासारखा, आणि मूर्तिजापुरात धुकं कुठलं. बाकावर बसून मी रीतसर भांडायचो. लॅबवाल्याला शिव्या देता देता तूच लॅबवाला झालास, असंही बोललो. तो हसून चहा ओतायचा. कधी बशीत, कधी बशीच्या कडेवर.

'मले अंधारं नाही आवडत, मास्तर,' इतकंच म्हणायचा.

मला वाटलं म्हातारचळ. पन्नाशीत काही लोक अत्तर लावू लागतात, हा उजेड लावू लागला.

ती वर्षं आमच्या भागात कॅमेरा घेऊन फिरायची नव्हती. कापसाच्या गावांतून माणसं जात होती, कशी ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-दिल्लीचे पत्रकार यायचे, साहेब यायचे, आणि प्रत्येकाजवळ कॅमेरा. गावांना त्याची सवय झाली होती. आम्ही दोघं एकदा एका खेड्यात चिंचेच्या झाडाचा फोटो काढायला थांबलो. गळ्यातला कॅमेरा पाहून समोरच्या घरातली बाई आत गेली, पदर नीट करून बाहेर आली आणि हातात नवऱ्याची तसबीर धरून दाराशी उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. कॅमेरा आला म्हणजे असं उभं राहायचं, हे त्या वर्षांत आमच्या बायकांना पाठ झालं होतं. आम्ही फोटो न काढता निघालो. त्यानंतर मी खेड्यात कॅमेरा पिशवीतच ठेवायचो.

भाईला हे माझ्याआधी कळत होतं, कारण त्याच्याकडे हात यायचे. दुकानाशिवाय तो आठवडी बाजारही करायचा. बायका त्याच्यासमोर बसून हात पुढे करायच्या, तो बोटांची पेरं दाबून माप घ्यायचा आणि काच न फुटू देता बांगडी चढवायचा. परक्या पुरुषाच्या हाती हात द्यायचा तो एवढाच प्रसंग, म्हणून सगळ्या त्याला भाऊ म्हणायच्या. कोणत्या गावची कोणती बाई बाजारात येते पण त्याच्या पालापाशी थांबत नाही, मान खाली घालून पुढे जाते, हे त्याला दिसायचं. घरी येऊन त्या दिवशी तो कमी जेवायचा.

अशीच एक बाई होती. तिच्या लग्नाचा चुडा भाईनेच भरला होता, सव्वादोनच्या मापाचा हात, त्याला आठवत होता. पोळ्यानंतर तिचा नवरा गेला. भाई एका बाजाराच्या दिवशी तिच्या घरी भेटून आला आणि शुक्रवारी बाकावर मला म्हणाला, 'तिच्या घरात एकच फोटो हाय मास्तर, तो बी त्याचा. पेपरवाले येऊन गेले, चार-चार डाव काढून गेले, पन त्यायनं बी तसबीरच काढली. तिचा काढू आपन. निसता तिचा.'

चैत्र लागला होता. आम्ही दुपारच्या एसटीने गेलो. बाई अंगणात होती. मागे चुन्याने पोतारलेली भिंत, अंगावर फिकं लुगडं, वर ऊन. आम्हाला पाहून ती आत गेली आणि मला ठाऊक होतं ती काय घेऊन येणार. भाईने ती तसबीर तिच्या हातून घेतली, अदबीने आतल्या फळीवर ठेवून आला आणि म्हणाला, 'त्याले आराम करू दे बाई. आज तुहा हाय.'

तिला कळेना रिकाम्या हातांचं काय करावं. ते हात तिने आधी पदरात गुंडाळले, मग बाहेर काढले. भाईने कॅमेरा डोळ्याला लावला. आठवडा माझा होता, मी तो शून्यावर ठेवला होता, पण त्याने सगळं आपल्या हाताने बदललं. ऑटो काढलं, म्हणजे कॅमेऱ्याचा हिशेबच बंद केला, उजेड वाढवला, पुन्हा पाहिलं, पुन्हा वाढवला. मी म्हणालो, भाई, ऊन फार आहे. तो म्हणाला, 'थांबा हो. तोंड दिसू द्या तिचं.'

मी त्याच्या शेजारी उभा होतो. मला तिचं तोंड चांगलं दहा हातांवरून दिसत होतं, हनुवटीवरच्या गोंदणासकट. तेवढ्यात तिच्या बकरीने भाईच्या पिशवीत तोंड घातलं आणि बाई हसली. खरंखुरं हसली, हात तोंडावर न नेता. भाईने बटण दाबलं.

त्याने कॅमेरा आधी तिच्याच हाती दिला. माझीही नजर पडद्यावर गेली. पडदा पांढरा होता. वरच्या कोपऱ्यात पदराच्या काठाची एक रेघ आणि बाकी काही नाही. बाईने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि भाईकडे पाहिलं, जो तिच्या खांद्यापासून थोडं बाजूला, भिंतीकडे तोंड करून हसत उभा होता.

'चांगला आला भाऊ,' ती म्हणाली.

मी म्हटलं, मीही एक काढतो. ती नको म्हणाली. भाऊनं काढला न, आता कायले. तिने आम्हाला पाणी दिलं. भाईने तांब्या धरायला हात केला तो तांब्याच्या अलीकडेच थांबला, आणि बाईने तांब्या पुढे सरकवून त्याच्या हातात दिला. जे मला वर्षभर चहाच्या बशीत दिसलं नाही ते तिला घोटभर पाण्यात दिसलं. परतीच्या एसटीत भाई खूश होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसणार नाहीत, हे कळून आणखीच भरून येत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तो फोटो कॉम्प्युटरवर घातला. नियम गेला खड्ड्यात. काळोख वाढवला, आणखी वाढवला. पांढऱ्याचं राखाडी झालं, राखाडीचं काळं झालं, बाई काही आली नाही. कॅमेऱ्याने तिला घेतलंच नव्हतं. पोरं पाहत होती म्हणून मी मशीन बंद केली.

मग मी भाईच्या दुकानात गेलो आणि सरळ विचारलं. तो गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, 'बांगडीवाल्याले दिसत नाही म्हटल्यावर कोन बाई हात देईन, मास्तर? काच असते ती.' घरी त्याने सांगितलं नव्हतं. रंगांच्या जागा त्याने पाठ केल्या होत्या, हिरव्या डावीकडे, लाल मधे. मापाला तर बोटं पुरत होती. कॅमेऱ्यापुढे मात्र पाठांतर चालत नव्हतं. तिथे तो उजेड वाढवत गेला. रस्ता अंधारला की माणूस कंदिलाची वात वाढवत जातो तसा.

अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेलो. काचबिंदू. डॉक्टर मवाळ माणूस होते, पण त्यांनी आशा ठेवली नाही. जी नजर गेली ती परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकते का पाहू, म्हणाले. भाईने मान डोलावली आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. त्याचा आधार व्हायला मी गेलो होतो, पण मीही शेजारी कठडाच धरला.

परतताना आम्ही एसटीत शेजारी बसलो. बडनेरा मागे गेलं तसं त्याने विचारलं, त्या बाईचा फोटो कसा आला. मी सांगू लागलो. सांगितलं की भिंतीपाशी उभी आहे, हनुवटीवर गोंदण आहे, बकरीकडे पाहून हसते आहे, पुढचा एक दात थोडा आडवा आहे, हात मोकळे सोडलेत.

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'तुमी बाई सांगून राहिले, मास्तर. मी फोटो इचारला.'

मला खोटं बोलता आलं असतं. बाई बोलली होतीच. पण नियम त्याचा होता.

'पांढरा आहे,' मी म्हणालो.

'पूरा?'

'पूरा. पदराच्या काठाची एक रेघ आहे.'

'अन् बाई चांगला म्हने.'

'हो.'

कंडक्टर येऊन गेला. मग भाई म्हणाला, 'मिटवू नका तो. जसा हाय तसा राहू द्या.' आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. रडत होता की वारा लागत होता ते मी पाहिलं नाही. मी मात्र रडलो, भर एसटीत, शाळेतला मास्तर असून.

त्या शुक्रवारी पाळी त्याची होती. तो नको म्हणेल असं वाटलं होतं, पण त्याने कॅमेरा गळ्यात घालून घेतला. आठवडाभर काय केलं ते माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी त्याची मुलगी त्याला हाताला धरून बाकापर्यंत सोडून गेली. चहा मी ओतला. त्याने गळ्यातून कॅमेरा काढला, रुमालाने काच पुसली आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, 'घ्या. आता तुमचाच. पोरीकडून पाहून घेतलं, शून्यावर आनला हाय. आता भांडू नका.'

मी चालू करून पाहिलं. आत त्याचा एकही नवा फोटो नव्हता. कॅमेरा शून्यावर होता. त्या शून्यासाठी वर्षभर मी भाईशी भांडलो होतो, आणि आता कॅमेरा प्लस दोनवर सापडावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.