चौथा कोपरा

चोपडा ते यावल या पट्ट्यात तुम्ही केळीच्या कुठल्याही बागेत शिरा, तिथल्या नळ्या बहुधा गिरधर आबांनी जोडलेल्या निघतील. उभ्या आयुष्यात या माणसाने दुसरं काही केलं नाही. ठिबक टाकलं, तुषार लावले, चोंदलेली नोझलं तोंडाने फुंकून साफ केली. झुलाल पाटलाच्या भुईमुगात त्यांनी पहिल्यांदा तुषार फिरवले, तेव्हा पाटील छत्री उघडून शेताच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "गिरधर, तू तर इंद्रना पोटवर पाय देई राह्यना रे!" हा किस्सा आबा कुठेही सांगत. बसथांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर मयतीला गेलेले असतानाही.

अशा माणसाला स्वतःच्या दारापुढच्या लॉनची आखणी जमेना, यावर कोण विश्वास ठेवील?

लॉनची हौस भूषणची, म्हणजे मुलाची. तो जळगावला विम्याच्या हपिसात, रोज बसने जा-ये. त्याची बायको दिपमाला धुळ्याची, सातवा महिना लागलेला. ती बाळंतपणाला माहेरी जाऊन बाळाला घेऊन परत येईल, तोवर अंगणात हिरवळ धरलेली हवी, पोरगं तिच्यावर रांगेल, आणि पाणी चावी फिरवली की आपोआप पडेल, असा बेत होता. भूषणने मोबाइलवर नकाशेच काढून ठेवले होते. चार कोपऱ्यांत चार फवारे, त्यांना जोडणारी जमिनीखालची लाइन.

आबांनी कडेला चपला काढल्या, चुन्याची फक्की घेतली आणि सरळ रेघ ओढत निघाले. पहिला कोपरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याकडे वळताना रेघ वाकली आणि मधेच थांबली.

त्या चौथ्या कोपऱ्यात आबांची थोरली लेक होती.

तेव्हा इथे घर नव्हतं, नुसता मळा होता. पोरगी बारशाआधीच गेली, नावसुद्धा ठेवायचं राहून गेलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. यशोदाबाई गावातल्या घरी बाळंतिणीच्या खाटेवर होती. आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी बांधाच्या कडेला खड्डा घेतला, मीठ घातलं, वर बाभळीचे काटे रचले. जागा बायकोला कोणी सांगितली नाही. तिनेही कधी विचारली नाही. पुढे भूषण झाला, मळ्यात घर उभं राहिलं, बांध अंगणात आला. त्या कोपऱ्यात खरकटं पाणी टाकायचं नाही, एवढा नियम आबांनी घरात घालून दिला होता. लहानपणी भूषणने तिथे गोट्यांची गल खोदली, तर शांत स्वभावाच्या आबांनी त्याला चिंचेच्या फोकाने बडवलं होतं. का ते मात्र सांगितलं नव्हतं.

आणि आता सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? घरात सून गरोदर, तिच्या कानावर असला विषय घालायचा? आणि तीस वर्षं न बोललेलं यशोदासमोर उकरायचं?

"आबा, लाइन वाकडी कसाले करी राह्यनात?" भूषणने विचारलं.

"तठे मुरूम शे. कुदळ चालत नही."

दुसऱ्या दिवशी भूषण म्हणाला, मुरूम फोडू. आबा म्हणाले, बोअरची केबल तिथूनच गेली आहे. तिसऱ्या दिवशी भूषणने केबल भलत्याच बाजूला सापडल्याचं दाखवलं, तेव्हा आबांनी तिथे सापाचं बीळ काढलं.

"मुरूमबी, केबलबी, आनि आते सापबी? तो कोपरा शे की जत्रा?"

दिपमाला दारात हसली. "आबा, लोकांच्या एवढ्या रानांत पाणी खेळवलंत, आणि माझ्या बाळाच्या वाट्याचा एक कोपरा तुम्हाला जड झाला होय?"

बोलली ती लाडाने, पण आबा जेवण अर्धं टाकून उठले. त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. इंद्राच्या पोटाचा किस्सासुद्धा बंद झाला. न्हाव्याने विचारलं, "आबा, बरं नही का?"

रविवारी आबा नळ्या जोडायचे टी आणि एल्बो आणायला चोपड्याला गेले. तेवढ्यात भूषणने वाकडी रेघ पायाने पुसली, कोपऱ्यापर्यंत सरळ ओढली आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून कुवरसिंगला बोलावून चारी खोदायला लावली. कुवरसिंगचा हात असा, की कुदळ वर गेलेली दिसावी आणि खाली येईतो हातभर चारी पुढे सरकावी. आबा फाटकात आले, ती पांढरी सरळ रेघ पाहिली आणि पिशवी त्यांच्या हातातून गळाली.

पण खोदलेली चारी कोपऱ्याच्या अलीकडेच थांबली होती. कोपऱ्यात बरोबर त्या जागेवर यशोदाबाई मांडी घालून बसली होती आणि सुपात तूर निवडत होती.

"माय, ऊठ ना व! वट्टावर बशीसन निवड," भूषण वैतागला होता.

"आठे ऊन चांगलं शे."

"बठ्ठा मळामा ऊन शे, माय!"

"माले आठेच दिखस." तिने मान वर केली नाही.

कुवरसिंग कुदळीला टेकून तंबाखू मळू लागला. "बाई उठली की खोदतो, भाऊ. मला काय घाई."

आबा धावत आले ते चारीच्या तोंडाशी थबकले. सुपात खडा नव्हता. निवडलेलीच तूर ती पुन्हा पुन्हा या कडेची त्या कडेला करत होती.

आठवडाभर त्यांनी एकच विचार केला होता, की तिथून नळी कशी टाळायची. आणि आता, तिच्याकडे बघता बघता, तीस वर्षं हातात खेळवलेली साधी गोष्ट त्यांना दिसली. पाणी जिथे पडायचं तिथवर नळी जावीच लागत नाही.

"भूषण, खंदनं बंद. खोलीमातल्या त्या दोन पितळी तोट्या आन. शेतावरल्या, तुषारन्या. दोन बाजूतून फेकसू. पानी कोपरात बरोबर जाई."

"मग हे आठ दिवस आधी का नही सांगं?" भूषण पुटपुटत आत गेला.

आबा खाली वाकले. "यशोदा, पानी पडू देऊ का आठे?"

"पडू द्या. खंदू नका."

"तुले... तुले कोनी सांगं?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. ते अनवाणी होते. एवढ्या धावपळीतही चपला चार हात मागे निघून पडल्या होत्या.

"रोज मोटर चालू कराले जातस, तवय आठे चप्पल काढतस. देवळात तरी इतकी याद ऱ्हास का तुमले?"

आबा फाटकाकडे वळले आणि गळालेली पिशवी उचलून घेऊन आले.

दुपार कलताना दोन नळ उभे राहिले. आबांनी क्लिपा लावल्या, तोट्या कोपऱ्यापुरत्याच फिराव्यात म्हणून. भूषण मोटर लावून परत येताना मागे पडलेल्या चपलांपाशी थांबला. मग आईकडे पाहिलं. गोट्यांची गल त्याला आठवली असावी.

"आबा, तठे काय शे?" तो हळूच म्हणाला.

"सांगसू. आधी बाळ घर येऊ दे."

भूषणने कुवरसिंगच्या हातातून फावडं घेतलं आणि कोपऱ्याकडची चारी स्वतःच बुजवू लागला.

टक टक टक करत तोटी फिरली आणि पाण्याची कमान अंगणावरून सरकत कोपऱ्याशी आली.

"आई, भिजाल ना!" दिपमाला दारातून ओरडली. पाणी बंद करायला आबांचा हात कॉकवर गेला.

"ऱ्हाऊ द्या," यशोदाबाई म्हणाली.

तिने सूप तेवढं मागे, कोरड्यात सरकवलं. स्वतः उठली नाही.