शुभांगीचा वासाचा चार्ट

शुभांगी हसतमुख नव्हती.

ग्रुपवर सकाळपासून "हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांची लाडकी" चाललंय, ते बंद करा प्लीज.

इतकी वर्षं मी तिच्या बाजूच्या वर्गात शिकवलं. ती तिसरी अ, मी तिसरी ब, मध्ये एक पातळ भिंत. ती हसायची ते मला ऐकू यायचं, भांडायची तेही ऐकू यायचं, आणि भांडण जास्त असायचं.

रविवारी दुपारी जेवून उठली आणि गेली. हार्ट अटॅक.

आज शाळेत शोकसभा झाली. तिथून आल्यापासून मला रडू येत नाहीये, नुसता राग येतोय.

कशाचा, ते सांगते.

आमची शाळा कांजूरमार्गला. मराठी माध्यम. यंदा तिने मुलांना 'माझा परिसर' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. सगळ्या वर्गाने लिहिलं, "माझा परिसर स्वच्छ व सुंदर आहे." सरळ गाइडमधून. आणि लिहिताना अर्ध्या वर्गाच्या नाकाला रुमाल, कारण त्या दिवशी वारा तसा होता.

मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"ह्यो परिसर कोणाचो रे मेल्या? तुझो?"

चिडली की ती थेट मालवणीत शिरायची.

पोरगा म्हणाला, "नाही बाई. गाइडचा."

"रुमाल काढ. वास घे. काय येतो ते लिही."

तिथून सुरू झालं.

मराठीच्या तासाला वासाचे शब्द. कुबट, आंबूस, खवट, करपट, खमंग. त्याआधी मुलांकडे दोनच होते, मस्त आणि गंदा.

परिसर अभ्यासाला दिशा. गॅलरीच्या कठड्याला लाल रिबीन बांधली. ती कुठे उडते ते बघायचं आणि वारा कुठून आला ते सांगायचं.

गणितात चित्रालेख. भिंतीवर मोठा चार्ट, शाळेच्या प्रत्येक दिवसाला एक चौकोन. वास नसेल तर पांढरा ठेवून फुली, थोडा असेल तर पिवळा, जोरात असेल तर तपकिरी.

इंग्रजीत त्याचंच एक वाक्य. "टुडे स्मेल इज कमिंग फ्रॉम ईस्ट." ग्रामर जाऊ दे, तिसरीतलं पोर पूर्वेकडे बोट दाखवून इंग्रजी बोलत होतं यार!

रोज एकाची पाळी. त्या मुलाला म्हणायचं नाक मॉनिटर.

इथे मोठी माणसं कायम भांडतात, वास कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा, खाडीचा की नाल्याचा. शुभांगीने मुलांना उत्तर दिलंच नाही. "वर्ष पुरं होऊ दे. मग तुम्हीच मला सांगा," म्हणायची.

पालकसभेत एक आई म्हणाली, "बाई, हे परीक्षेत येणार का?"

"नाही येणार."

"मग कशाला?"

"तुमच्या घरी येतो ना वास? म्हणून."

त्या आईने तोंड फिरवलं. शेजारच्या शाळेतल्या मुलांचे वीसपर्यंत पाढे पाठ आहेत, असं मोठ्याने ऐकवलं.

मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचं, वेगळंच. तपासणीला साहेब येणार, भिंतीवर वास शोभतो का? त्यांनी चार्ट काढून कपाटावर टाकला. साहेब खाली ऑफिसात बसले होते तेवढ्यात शुभांगीने तो परत लावला. साहेबांनी बघितला? नाही. चहा घेतला, सही केली, गेले.

आज शोकसभा तिच्याच वर्गात होती. टेबलावर फोटो, फोटोला हार, मागे तिच्या नावाचा फ्लेक्स.

फ्लेक्स कुठे लावला माहितीये? बरोब्बर चार्टवर.

आणि वर मोठ्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "आता दोन्ही वर्ग तुमच्याकडेच. फ्लेक्स काढताना खालचं तेही काढून टाका. नवीन बाई मिळाल्या की पुस्तकातून नीट सुरू करतील."

अहो, हार सुकला नव्हता अजून.

मोगऱ्याच्या अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला होता. भाषणं सुरू होती. मुलं माना खाली घालून बसली होती, कारण तसं बसायला सांगितलं होतं.

कोणीतरी माझी ओढणी ओढली. तिसरी अ मधली समीक्षा.

"बाई, आज माझी पाळी आहे."

"अगं, आज राहू दे."

"पण आज शाळा आहे ना? शाळा असली की चौकोन रिकामा नाय ठेवायचा. शुभांगी बाई ओरडतात."

ओरडतात म्हणाली. ओरडायच्या नाही.

मग हळूच म्हणाली, "पण ह्या अगरबत्तीमुळे बाहेरचं काय कळतच नाय."

मी उठले. अगरबत्तीचं घर उचललं आणि स्टाफरूममध्ये नेऊन ठेवलं. विझवली नाही, तेवढं मलाही कळतं. परत येऊन खिडक्या उघडल्या.

मोठ्या बाईंचंच भाषण चालू होतं. थांबून म्हणाल्या, "अहो बाई, हे काय करताय?"

"तिसरी अ चा तास घेतेय."

समीक्षा गॅलरीत जाऊन आली. दोन मुलांनी फ्लेक्सची खालची बाजू वर धरली. ती वाकून आत शिरली.

"रिबीन आत उडतेय. कुबट. जोरात."

तपकिरी खडूने चौकोन नीट भरला, एक कोपरासुद्धा सोडला नाही. मग खडू ठेवला आणि रडायला लागली. मग सगळा वर्ग रडला. तोपर्यंतच्या एकाही भाषणात एकही पोर रडलं नव्हतं.

तर, मोठ्या बाई हे वाचत असतील तर वाचू देत. फ्लेक्स मी संध्याकाळीच काढलाय. चार्ट राहणार आहे, वर्ष पुरं होईपर्यंत. उद्यापासून तिसरी ब ची मुलंही पाळीत येतील. ज्यांना हरकत असेल त्यांनी वर्गात येऊन माझ्याशी बोलावं, ग्रुपवर नको.

शुभांगी, आज वास होता गं. समीक्षाने लिहिलाय.

जा आता. निवांत जा.