स्टुडिओतली लाईट

छत्रीबाग मोहल्ल्यात आमच्या समोरच्या घरात एक गृहस्थ राहतात. त्यांचे वडील पेटी शिकवतात, बहीण गाण्याचे क्लास घेते, आणि हे स्वतः वरच्या खोलीतल्या स्टुडिओत गाणी लिहितात, रेकॉर्ड करतात. दुकानांच्या जाहिरातींना आवाज द्यायला मी तिथे जातो.

लहानपणी हे गणपतीत रात्र रात्र गायचे, खूप नाव होतं. राजवाडा बाजारातले म्हातारे दुकानदार अजून अडवतात, "भिया, वो बचपन वाला सुनाओ ना!" हे गळ्याला हात लावून "सर्दी झालीय" म्हणतात. भर मे महिन्यातसुद्धा. गाणाऱ्यांना चाल सांगायची तरी पेटीवर वाजवून दाखवतात, तोंडातून सूर काढत नाहीत.

परवा एक बाई आपल्या छोट्या मुलीचं गाणं रेकॉर्ड करायला तिला घेऊन आल्या होत्या. गाऊन गाऊन पोरीचा आवाज बसला होता, डोळे मिटत होते.

"बस एक और टेक, सर. करेल ती," आई म्हणाली.

हे उठून बाहेर गेले आणि खोलीत अंधार झाला.

"लाईट गेली हो," परत येऊन म्हणाले. "आज काही होत नाही आता. हिला घरी न्या, झोपू द्या."

शेजारच्या घरातल्या स्वयंपाकघरात मिक्सर खुशाल घरघरत होता. मी माझे कागद आवरायला घेतले.

मायलेकी जिना उतरून गेल्या, तसा यांनी मेन स्विच वर केला. पंखा फिरू लागला. खुर्चीत अंग टाकत ते म्हणाले, "आमच्या टाइमला लाईट एकदा पण नाही गेली, भिया."