एकाच गुंगीत दोन कामं

माझ्या बायकोच्या पोटात दोन दुखणी एकदम निघाली. पित्ताच्या पिशवीत खडे, त्यांनी झालेली कावीळ, आणि खाली बीजकोशावर गाठ. थंडीत नंदुरबारला मुक्कामाला येणाऱ्या सर्जनसाहेबांनी तिला तपासून मला बाहेर बोलावलं. क्लोरोफॉर्मनं यकृत आणखी बिघडतं, दोनदा गुंगी दिली तर ही उठायची नाही. म्हणून एकाच गुंगीत दोन्ही कामं उरकू, असं त्यांनी ठरवलं. मी मान डोलावली. शाळेत शरीराचा धडा शिकवणारा मी मास्तर, पण यकृत कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा तेव्हा आठवेना.

ऑपरेशनआधी लेक चार दिवस डोळ्यांसमोर असावी म्हणून सासऱ्यांनी तिला तापीपलीकडे आपल्या गावी, कळसाडीला नेलं. परत आणली ती उजव्या बरगडीखाली तापल्या सळईचे डाग घेऊन. कावीळ उतरायला आमच्याकडे असे डाग देतात. सासऱ्यांनी हे पूर्ण विचार करून केलं होतं.

“एक दुखनं घरच उतारी टाकं,” ते मला म्हणाले. “डाक्टरले आते एकच कापनं पडी.”

मी संतापलो. पण ओरडणार कुणावर? लेकीचा निम्मा त्रास वाचवला म्हणून म्हातारा खुशीत होता.

खडे काढायला नेमकं तिथंच कापावं लागतं, सर्जनसाहेब म्हणाले; त्या पिकलेल्या कातडीतून सुरी घातली तर पू पोटात जाईल. मग गाठ तरी काढा, मी गयावया केली. खड्यांसाठी पुन्हा गुंगी कशी देऊ, असं त्यांनीच मला विचारलं. डाग सुकले की आणा म्हणाले.

आम्ही कळसाडीला डाग सुकायची वाट बघत बसलो. सासूबाई मलम लावत, सासरे दाराबाहेरून विचारत. डाग भरत होते आणि कावीळ चढत होती. इतका लाचार मी पुन्हा कधी झालो नाही.

शेवटी खपल्या पडल्या. सासऱ्यांनी तांबडं फुटायला गाडी जुंपली. बायको आदल्या दिवसापासून कुणाला ओळखत नव्हती. तापीच्या वाळूत बैल रेटत होते, सासरे पाठमोरे बसून हाकत होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तिचा श्वास थांबल्याला बराच वेळ झाला होता.

“डाग सुकी गयात,” ते मागं न बघता म्हणाले. “आते कापता यी ना, जवाईबुवा?”

मी हो म्हणालो.