कडी लावा, मग आंघोळ

आमच्या निवासात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. चेष्टेनंच. तिला वाचता येत नव्हतं, सातच्या पुढचे आकडे तिच्या हातून निसटायचे, आणि एक वाक्य पुरं करायला तिला इतका वेळ लागायचा की ऐकणाऱ्याचाच धीर सुटायचा. पण एकदा धरलेलं वाक्य ती सोडायची नाही.

शिकायला-समजायला जड जातं अशा बावीस बायका तिथे राहतात. मी त्यांची मावशी, सकाळच्या पाळीची. सात ते आठ आंघोळी. तासाभरात आम्ही दोघी मावश्यांनी मिळून बावीस जणी उरकायच्या. हो, आम्ही ‘उरकायच्या’ असंच म्हणायचो.

वकीलबाई आली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. तोवर आईजवळ राहिली. आई गेली आणि धाकटा भाऊ तिला घेऊन आला. त्याच्या दीड खोलीत बायको, दोन मुलं. त्याला तरी काय बोलणार?

पहिल्याच सकाळी तिनं न्हाणीघराच्या दारावर हात फिरवला. “कडी?”

कडी नव्हती. चारही दारांच्या कड्या काढलेल्या, स्क्रूच्या भोकांत साबण भरलेला. पूर्वी एकीला आत फिट आली, दार तोडावं लागलं, म्हणून. आणि दार लोटायची सोय नव्हतीच. एकीला पाणी घालताना रांगेतल्या बाकीच्यांवर नजर ठेवायची असे.

ती रडायला लागली. मी म्हटलं, “अगं, सगळ्या बायकाच तर आहोत. लाज कसली?”

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या अंगावर कपडे आहेत.”

तोंडात मारल्यासारखं झालं. तरी मी तांब्या उचललाच. बावीस जणी उरकायच्या होत्या.

दोन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून, परकर न सोडता आंघोळ करत राहिली. मग एका सकाळी वरची टाकी गळायला लागली म्हणून निवास चालवणाऱ्या मॅडमनी नळवाल्याला बोलावलं. तो पाने-पकडी घेऊन सरळ आमच्या बोळातून आला. आंघोळी चालू, दारं सताड उघडी. त्याला कुणी थांबवलं नाही. मीही नाही. त्या गडबडीत सुचलंच नाही, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. “कडी लावा. मग आंघोळ.”

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मॅडमनी तिच्या फाइलीत ‘हट्टी वर्तन’ असं लिहिलं आणि डॉक्टरांना विचारून गोळी वाढवली. गोळीनं तिची मान कलंडायची, पण बैठक हलली नाही. अंगाला वास यायला लागला. रांगेतल्या बायका तिला वळसा घालून शेजारच्या दारात जायच्या.

सहाव्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. “उचला तिला. आत घ्या.”

मी तिच्या काखेत हात घातले. तिनं झटापट केली नाही. नुसतं विचारलं, “मावशी, तू घरी दार उघडं टाकून आंघोळ करतेस?”

मी हात काढून घेतले. “मॅडम, मी नाही उचलणार.”

“नोकरी जड झालीय का?”

“नोकरी हवीय. पण हे नाही करणार.”

मग मी तिला आमच्या, म्हणजे नोकरवर्गाच्या न्हाणीघरात नेलं. त्याला आतून कडी होती. ती लागल्याचा खट्ट आवाज आला आणि नंतर अर्धा तास पाण्याचा. मॅडम बाहेर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मीही बघत होते.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा दाराशी बसली, तेव्हा मॅडमनी तिच्या भावाला बोलावून घेतलं. तो दारं-खिडक्या बसवायचं काम करतो. कामावर जाता-जाता आला, बाहीवर आदल्या दिवशीचा लाकडाचा भुसा.

“बहिणीला समजवा, नाहीतर घेऊन जा,” मॅडम म्हणाल्या.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “ताई, कुठे नेऊ गं तुला? बाकीच्या करतातच ना?”

“त्यांना विचारलंस?”

त्यानं रांगेकडे पाहिलं. रांगेत एक बाई होती, वर्षानुवर्षं तोंडातून शब्द न काढलेली. ती न्हाणीघरात शिरली, दार ओढलं आणि आतून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिची बोटं दाराच्या कडेला दिसत होती.

भाऊ उठला. “मॅडम, तुमच्या ऑफिसातल्या बाथरूमला कडी आहे?”

“प्रश्न सुरक्षेचा आहे. आत कुणी पडलं तर?”

“बाहेरून पेचकसानं उघडते अशी कडी मिळते. मी रोज बसवतो लोकांच्या घरी.” मग मान खाली घालून म्हणाला, “इथेच कधी बघितलं नाही.”

विश्वस्तांची परवानगी यायला तीन आठवडे लागले. तीही दोनच दारांची. आधी प्रयोग करून बघू, म्हणे. तोवर वकीलबाई आमचं न्हाणीघर वापरत होती, आणि तिच्यामागे आणखी पाच जणी. मला मेमो मिळाला. मग भावानं येऊन त्या दोन दारांना कड्या बसवल्या. आता आंघोळींना दोन तास लागतात, नाश्ता रखडतो, स्वयंपाकीणबाई आमच्या नावानं बोटं मोडते. ज्यांना मदत लागते त्यांच्यासोबत आम्ही आत जातो आणि दार लावून घेतो.

गेल्या महिन्यात तपासणीला अधिकारीबाई आल्या. मॅडमनी त्यांना न्हाणीघर दाखवलं. “रहिवाशांच्या खासगीपणासाठी संस्थेनं ही सोय केली आहे.”

वकीलबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं शब्द जुळवायला घेतले. मॅडम पुढे निघाल्या, पण अधिकारीबाई थांबल्या. पुरतं वाक्य होईपर्यंत थांबल्या.

“यांनी नाही केलं. मी बसले, म्हणून झालं.”

मग तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना उरलेल्या दोन बिनकडीच्या दारांकडे ओढत नेलं.