पाणी, टाकी, गळती

दोन वर्षे मी एक गोष्ट लपवली. प्रज्ञाचा प्रोग्राम चुकला नव्हता. चुकीचा होता तो माझा नियम, आणि हे मला त्याच संध्याकाळी कळले होते.

हिंदी मुलखात, जगतपुऱ्यातल्या कॉलेजात मी प्रोग्रामिंग शिकवतो. मुलांचे प्रोग्राम आधी मी लिहिलेली तपासणी-फाइल वाचायची. तिने नाकारलेले मी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचो. वर्ग हसायचा. याला मी शिस्त म्हणायचो.

प्रज्ञा रेल्वे क्वार्टरमधली. पाण्याच्या टाकीचे गणित तिने मांडले होते. त्यातली नावे देवनागरीत: पाणी, टाकी, गळती.

"ये प्रोग्राम है या नल पर लगी लाइन?" मी विचारले. वर्ग हसला.

"सर, माझ्याकडे चालला हा," ती मराठीत म्हणाली.

"नाम सिर्फ़ अंग्रेज़ी अक्षरों में। बैठो।"

मी शून्य दिले. तिचा विषय राहिला.

संध्याकाळी मी तिचा प्रोग्राम चालवला. चालला. नाव वैध आहे का, हे त्या संगणकभाषेलाच विचारता येते. तिन्ही नावांना भाषेने होकार दिला. ए ते झेडचे कुंपण फक्त माझ्या फाइलीत होते.

ते कुठून आले, हे मला ठाऊक होते. माझे वडील रेल्वेत डबे जोडणारे खलाशी. माझ्या वहीतली देवनागरी पाहून एक प्राध्यापक म्हणाले होते, "खलासी का बेटा कंप्यूटर से भी डिब्बे जुड़वाएगा।" वर्ग हसला. मीही हसलो. ते लाचार हसू तीस वर्षे जपले आणि संधी मिळताच आपल्याच घरच्या मुलीवर फेकले.

तरीही गप्प राहिलो. मागच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी माझी फाइल साऱ्या विभागाला लावायची ठरवली.

"बढ़िया छलनी है, सर जी। ऐसे लोग अपने आप छँट जाते हैं।"

ऐसे लोग. म्हणजे ती. म्हणजे मी, माझा बाप.

"फाइल मिळणार नाही," मी म्हणालो. मराठीतच निघाले. त्यांना अर्थ कळला.

दुसऱ्या दिवशी, त्याच प्रयोगशाळेत, आता शेवटच्या वर्षात असलेल्या त्याच वर्गासमोर मी स्वतःची फाइल पडद्यावर लावली. कुंपणाची ओळ पुसली. प्रज्ञाचा प्रोग्राम चालवला. गुणदुरुस्तीचा अर्ज माझ्या चुकीच्या कबुलीसह परीक्षा विभागात दिल्याचे सांगितले.

मग म्हणालो, "प्रज्ञा, तू बरोबर होतीस. मला त्याच दिवशी कळले होते. तरी मी दोन वर्षे ते शून्य तुझ्या नावावर राहू दिले. मी तुझी माफी मागतो. तू ती द्यावीस, असा माझा हक्क नाही."

मागून कुणीतरी म्हणाले, "सर, हिंदी में।"

मी तेच सगळे, एक शब्दही न गाळता, हिंदीत म्हणालो. हसलेल्यांनाही कळायला हवे होते.